एका मिनिटाचं गाऱ्हाणं

आमच्या इमारतीत नवीन काहीही आलं, की दाजी परब त्याच्यासमोर उभे राहून गाऱ्हाणं घालतात. फ्रीज असो, स्कूटर असो, सून असो, नाहीतर पाण्याच्या टाकीचं झाकण असो. दाजींना फरक पडत नाही. हात जोडायचे, डोळे मिटायचे आणि सुरू.

आम्ही साताऱ्याकडचे, त्यामुळे हा प्रकार मला विक्रोळीत येऊनच कळला. कोकणात कुठलंही काम सुरू करताना एक माणूस देवाला मोठ्याने सगळी हकीकत सांगतो, आणि मागे उभे असलेले लोक प्रत्येक वाक्याला ‘होय म्हाराजा’ म्हणतात. गावात हा मान ठरलेल्या घराण्याकडे असतो. आमच्या इमारतीत तो दाजींनी स्वतःच स्वतःला दिला आणि कोणी हरकत घेतली नाही, कारण हरकत घ्यायला त्यांच्याहून मोठा आवाज लागला असता. दाजींनी तीस वर्षं इथल्याच एका कारखान्यात क्रेन चालवली. वरून खाली ओरडून बोलायची सवय तिथली. आता ते तळमजल्यावर राहतात आणि खालून वर ओरडतात.

दुसऱ्या मजल्यावरच्या मोहितेंच्या मुलाने स्कूटर आणली तेव्हाचं गाऱ्हाणं मला अजून पाठ आहे.

“बा देवा म्हाराजा! आज ह्या पोरान नवी गाडी हाडली हा, ती सुखान चलांदे रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“हेल्मेट घालूची तेका बुद्धी दी रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” हे त्याच्या आईने सगळ्यात मोठ्याने म्हटलं.

“आणि हायवेक तो उलट्या बाजून गाडी घालता, ता मी बघलंय, पण तू बघू नको रे म्हाराजा!”

जैनांकडे सून आली. ती बिचारी नव्या साडीत, डोक्यावर पदर घेऊन पाच मिनिटं हे सगळं ऐकत उभी राहिली आणि शेवटी सासूला हळूच विचारलं, “मम्मी, अंकल ने क्या बोला?” सासू म्हणाली, “कुछ नहीं बेटा, वॉरंटी है.”

दाजींचा एकच कटाक्ष होता. मोघम मागणं त्यांना चालत नसे. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतवहिनी म्हणाल्या, “दाजी, आमच्यासाठी जरा सुखशांती मागा ना.” दाजींनी गाऱ्हाणं मध्येच थांबवलं आणि डोळे उघडले.

“सुख म्हंजे काय गो वैनी? पाणी येवक होया, की झिलाचा लगीन होवक होया?”

“दोन्ही. पाणी पण आणि मुलाचं लग्न पण.”

“मगे नाव घेऊन सांग. देवाक टाइम नसता. मागे लोकांची लाइन आसा.”

माझी आणि दाजींची खरी ओळख झाली ती डाळीमुळे.

माझ्या आईला कमी ऐकू येतं. सोळा वर्षं तिने पत्र्याच्या डब्यांची झाकणं ठोकणाऱ्या वर्कशॉपमध्ये काम केलं, आणि त्या ठकठकीत तिचे कान हळूहळू गेले. दाराची बेल वाजते, तिला कळत नाही. कुकरच्या शिट्ट्या होतात, तिला कळत नाही. किती वेळा डाळ करपली याचा हिशेब नाही. मी मुलुंडच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकते. आमच्या घरातली कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे घरातली प्रत्येक बंद पडलेली वस्तू माझ्यासमोर मोठ्या विश्वासाने ठेवली जाते. तेव्हा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून मी आईसाठी एक डबी केली. ती स्वयंपाकघरात बसून घरातले आवाज ऐकते आणि आईच्या मनगटावरच्या पट्ट्याला कळवते. बेल वाजली तर पट्टा एकदा थरथरतो, शिट्टी झाली तर दोनदा. आईने पहिल्या दिवशी तीन शिट्ट्या बरोबर मोजल्या आणि गॅस बंद करून माझ्याकडे बघितलं, ते मी इथे लिहू शकणार नाही.

पण पुढच्या पंधरवड्यात आमच्याकडे डाळ कच्ची राहू लागली. बाबा एका ऑफिसच्या कँटीनमध्ये काम करतात, त्यांना डाळीतलं कळतं. ते म्हणाले, “सुनंदा, तीन शिट्ट्या घेतल्यास?”

“तीनच घेतल्या!” आई ओरडून म्हणाली. ती सगळंच ओरडून म्हणते.

मी दोन दिवस डबीसमोर वही घेऊन बसले तेव्हा उलगडा झाला. आमचं घर दाजींच्या बरोबर वर. त्यांचा ‘म्हाराजाऽऽ’ शेवटी इतका बारीक आणि लांब ताणला जातो, की डबी त्याला शिट्टी समजत होती. कुकरची एक आणि दाजींच्या दोन, अशा मिळून तीन होत होत्या. त्या पंधरवड्यात इमारतीत दोन फ्रीज आले होते.

यावर उपाय एकच होता. दाजींचा आवाज पुष्कळ वेळा रेकॉर्ड करून डबीला शिकवायचं की ही शिट्टी नाही, हे दाजी आहेत. पण हे त्यांना सांगायचं कसं? मी दारात तीन वेळा जाऊन परत आले. चौथ्या वेळी त्यांनीच हाक मारली.

“काय गो चेडवा? दारात कित्याक येरझारा घालतंस? आत ये.”

मी अडखळत सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील. दाजी म्हणाले, “म्हंजे माझ्या आवाजान तुझ्या आवशीची डाळ कच्ची ऱ्हवली?”

“हो.”

“देवाक तरी ऐकाक जाता म्हणायचा!” आणि ते इतके खूष झाले, की त्यांनी लगेच चहा टाकला.

तेव्हापासून मी रोज पाच वाजता त्यांच्याकडे जाऊ लागले. ते गाऱ्हाणं घालत, मी फोनवर रेकॉर्ड करी. विषय संपले तेव्हा त्यांनी त्यांच्या टेबलफॅनसाठी, माझ्या चपलेसाठी आणि बाहेरच्या कबुतरांना शेजारच्या सोसायटीत चांगली जागा मिळावी यासाठी गाऱ्हाणी घातली. आठवड्याभरात डबी शहाणी झाली. डाळ शिजू लागली.

त्याच सुमारास आमच्या सरांनी मला एक लिंक पाठवली. अंधेरीला एक स्टार्टअप अ‍ॅक्सिलरेटर होता. नवीन धंदा सुरू करणाऱ्यांना तिथे तीन महिने बसायला जागा देतात, जाणकार माणसं शिकवतात, थोडं भांडवलही मिळतं. फक्त तीन महिने दुसरं काही करायचं नाही. अर्जासोबत एका मिनिटाचा व्हिडिओ पाठवायचा होता, कुठल्याही भाषेत. सरांनी खाली लिहिलं होतं, ‘नक्की भर.’

मी फॉर्म उघडायचे आणि मिटायचे. मला कॉलेजातून नोकरी लागलेली होती, एका मोठ्या कंपनीत, जुलैत हजर व्हायचं होतं. ते पत्र बाबांनी लॅमिनेट करून आणलं होतं. कँटीनमध्ये त्यांनी ते सगळ्यांना दाखवलं होतं, भाजीवाल्यालाही. अ‍ॅक्सिलरेटर जूनमध्ये सुरू होऊन ऑगस्टमध्ये संपत होता. म्हणजे दोन्ही जमणार नव्हतं. पत्र हातात असताना अर्ज करणं मला बाबांच्या पाठीमागे काहीतरी केल्यासारखं वाटत होतं. आणि निवड झालीच नाही तर? आणि झाली तर?

हे मी घरात कोणालाच सांगितलं नाही. दाजींना सांगितलं, कारण दाजी माझे कोणी नव्हते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजे तिकडे जाऊन काय करूचा? मागूचा?”

“हो. म्हणजे आपण कोण, अडचण काय, आपल्याला काय पाहिजे, ते एका मिनिटात सांगायचं.”

“आणि मगे बदल्यात काय देतंस ता पण?”

“हो, तेही.”

दाजींनी मांडीवर थाप मारली. “चेडवा, ह्या तर गाऱ्हाणा!”

मी म्हटलं, “दाजी, पण मी अर्ज करायचा की नाही तेच ठरलेलं नाहीये.”

“ता मगे ठरव. आधी गाऱ्हाणा तयार कर. तुका धड मागूक येता की नाय, ता तरी कळांदे.”

पहिल्या दिवशी मी ताठ उभी राहिले आणि पाठ केलेलं म्हणून दाखवलं. “श्रवणदोष असलेल्या वापरकर्त्यांना दैनंदिन जीवनात अनेक आव्हानांना सामोरं जावं लागतं.”

“थांब. वापरकर्ते कोण?”

“म्हणजे… लोक.”

“खयचे लोक? नाव काय तेंचा?”

मी म्हटलं, “आई.”

“नाव.”

“सुनंदा.”

“मगे सुनंदा म्हण की! देवाक ‘वापरकर्ते’ खय सापडतले?”

दुसऱ्या दिवशी मी सुनंदापासून सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी झाकणांचं वर्कशॉप आलं. चौथ्या दिवशी करपलेली डाळ आली. मला मागताना लाज वाटायची, शेवटचं वाक्य मी जमिनीकडे बघून म्हणायचे. दाजी ओरडायचे, “जमिनीक काय मागतंस? जमीन काय देतली? वर बघ!” मग मी वर बघितलं. वर पंखा होता, तर पंख्याकडे बघून मागितलं.

तरी दाजींचं समाधान होईना. पाचव्या दिवशी म्हणाले, आवाज पडला. सहाव्या दिवशी म्हणाले, घाई झाली. आठव्या दिवशी म्हणाले, सगळं बरोबर आहे पण मनातून आलं नाही. अकराव्या दिवशी मनातून आलं, तर म्हणाले जरा जास्तच आलं. दरवेळी चहा व्हायचा, बरणीतलं गोड खाजं निघायचं आणि शेवटी ते मान हलवायचे. “आज नाय. उद्या ये.” मी उद्या जायचे. मला वाटायचं, बरंच आहे, तयारच होत नाही तर अर्ज करायचा प्रश्नच येत नाही.

होता होता एकवीस दिवस झाले आणि अर्जाची शेवटची तारीख आली. रविवार, संध्याकाळी सहापर्यंत. मी दुपारी साडेतीनला दाजींकडे गेले आणि म्हटलं, “दाजी, राहू दे. मी नाही भरत फॉर्म.”

“कित्याक?”

“बाबांना कसं सांगू?”

दाजींनी पहिल्यांदाच आवाज खाली आणला. “बापाशीक सांगूक भियातंस, ता कळला. पण अर्ज केलंस म्हणान कोण तुका वढून नेना नाय. नको झाला तर नको म्हण. पण मागल्याबिगर नको म्हणूक पण गावना नाय गो.”

मागितल्यावरही नको म्हणता येतं, ही गोष्ट तीन आठवडे माझ्या डोक्यात आली नव्हती. अर्ज करणं म्हणजे नोकरी सोडणं, असंच मी धरून चालले होते.

“भरते,” मी म्हटलं. “व्हिडिओ आत्ता काढते. इथेच.”

“एकटा?”

“एकटीच दिसायला पाहिजे ना.”

“एकट्याचा मागणा देवाक खरा वाटना नाय,” दाजी म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी खिडकीतून वर तोंड करून अख्ख्या इमारतीला हाक मारली.

दहा मिनिटांत दाजींच्या खोलीत पंधरा माणसं होती. मोहितेंचा मुलगा फोन धरून उभा राहिला. सावंतवहिनी, जैनांची सून, सगळी मागे भिंतीला टेकून. आई माझ्या शेजारी स्टुलावर, मनगटावर पट्टा बांधून, आणि तिच्या मागच्या ओट्यावर आमची डबी. आईला मी फक्त एवढंच सांगितलं होतं की कॉलेजसाठी व्हिडिओ आहे. ती केस विंचरून आली होती.

मी वर बघितलं. पंख्याकडे नाही, फोनकडे.

“ही माझी आई, सुनंदा. सोळा वर्षं तिने झाकणं ठोकली, त्यात तिचे कान गेले.”

मागे दाजींनी हात जोडले, “होय म्हाराजा.” त्यांच्यामागे सगळेच म्हणाले. मला हसू आलं आणि त्यामुळे भीती गेली.

“तिला शिट्टी ऐकू येत नाही, म्हणून मी ही डबी केली. डबी ऐकते आणि तिच्या हाताला सांगते.”

“होय म्हाराजा!”

“आमच्यासारख्या घरांत अशा पुष्कळ सुनंदा आहेत. त्यांच्यापर्यंत हे पोचवायचं मला येत नाही. ते शिकायला मला तीन महिने हवे आहेत. बदल्यात मी काम अर्धवट सोडणार नाही.”

“होय म्हाराजा!”

या वेळी पंधरा माणसं जीव तोडून ओरडली. डबीला एकटे दाजी ओळखू येत होते, पण अख्खी इमारत तिने कधी ऐकलेली नव्हती. पट्टा थरथरतच राहिला. आई कॅमेऱ्यासमोरून ताडकन उठली, “झाल्या शिट्ट्या!” म्हणाली, आणि तरातरा जाऊन दाजींचा गॅस बंद करायला लागली. गॅसवर काहीच नव्हतं.

खोलीभर हशा पिकला. आणि तो विरता विरता दारातून एक आवाज आला, सातारी वळणाचा, सगळ्यांच्या मागाहून, जरा अवघडून म्हटलेला.

“होय महाराजा.”

बाबा होते. रविवारची ड्यूटी करून चारला परत येतात, ते मी विसरले होते. हातात डबा, खांद्यावर पिशवी. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मी म्हटलं, “बाबा, ते पत्र…”

“पत्र घरात आहे. पळून जातंय होय ते?” ते म्हणाले. मग मागे वळून, आपल्याला कोण बघतंय याचा अंदाज घेऊन, हळू आवाजात, “कंपनीला विचार, हजर व्हायची तारीख पुढं सरकते का. नाही म्हणाली तर नाही म्हणाली. तीन महिने मी एकटा कमावतो की. आत्ताही तेच करतोय ना?”

“पण तुम्ही सगळ्यांना दाखवलंत.”

“तर मग आता हे दाखवीन.”

व्हिडिओ पुन्हा काढावा असं मला वाटत होतं. आई मधेच उठून गेलेली, गॅसच्या दिशेने पाठमोरी. दाजी म्हणाले, “परत कित्याक? त्यात खोटा काय आसा?” खोटं काहीच नव्हतं. मी फॉर्म भरला आणि व्हिडिओ तसाच पाठवला. साडेपाच वाजले होते.

अंधेरीला मुलाखतीला बोलावलं तेव्हा समोर तिघं बसले होते. त्यांनी आधी व्हिडिओ पुन्हा लावला आणि आई उठून गेली तिथे तिघंही हसले. मधल्या बाईंनी विचारलं, “हे असं अजून होतं?” मी इंग्रजीत सुरुवात केली, अडकले, आणि मराठीतून सांगून टाकलं, की हो, तेव्हा झालं, गर्दीच्या आवाजात डबी चुकते, त्यावर मी आता काम करते आहे. पण व्हिडिओत हात जोडून उभ्या असलेल्या त्या गृहस्थांच्या बाबतीत आता एकदाही चुकत नाही, आणि त्यांच्याहून अवघड आवाज मला अजून भेटलेला नाही. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. त्यांनी काय लिहिलं ते वाचायचा मी प्रयत्न केला नाही. वर बघत राहिले.

मंगळवारी फोन आला. झाली निवड. कंपनीने तारखेबद्दल कळवलं होतं, पुढच्या तुकडीत जागा असली तर बघू. म्हणजे पक्कं काही नाही. मी दोन्ही गोष्टी एकाच दमात बाबांना सांगितल्या. त्यांनी दुसरी ऐकलीच नाही. आईला मी ओरडून सांगितलं, तर अख्ख्या इमारतीला कळलं.

संध्याकाळी गेटजवळ दाजींनी जे गाऱ्हाणं घातलं, ते हायवेपर्यंत गेलं असणार. “बा देवा म्हाराजा! ह्या घाटावरच्या चेडवान तुझ्याकडे मागला आणि तू दिलंस रे म्हाराजा! आता तिच्या डबीक भारतभर जावंदे रे म्हाराजा! आणि पयली डबी विक्रोळीची व्हती, ह्या कोणी इसरा नको रे म्हाराजा!” बाबा पहिल्या रांगेत उभे राहून प्रत्येक वाक्याला म्हणत होते, आणि आता त्यांचं ‘म्हाराजा’ बरंच मालवणी व्हायला लागलं होतं. जैनांच्या सुनेने पेढे वाटले. त्या दिवशी मी पहिल्यांदा सगळ्यांच्या डोळ्यांत बघून हसले.

गर्दी पांगल्यावर मी दाजींना पेढे द्यायला आत गेले. ते ओट्यापाशी उभे होते. एक पातेलं, एक ताट, आणि दोन कप धुऊन पालथे घातलेले. दाजींची बायको जाऊन चार वर्षं झाली. मुलगी लग्न करून बडोद्याला असते, गणपतीत येते. हे सगळं मला माहीत होतं, पण त्या खोलीत उभं राहून त्याचा विचार मी केला नव्हता.

“सोमवारपासून अंधेरी,” मी म्हटलं. “यायला आठ वाजतील, दाजी.”

“बरा.” त्यांनी पेढा हातात धरला, खाल्ला नाही. मग ओट्याकडे बघतच म्हणाले, “एक सांगू? रागावशीत नाय मा?”

“नाही.”

“तुझा गाऱ्हाणा तयार तर चौथ्याच दिवशी झाला व्हता.”

पाचव्या दिवशीचा पडलेला आवाज, आठव्या दिवशी न आलेलं मन, ते रोजचं ‘आज नाय, उद्या ये’. बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं.

मी म्हटलं, “दाजी, तीन महिने संपले की तिथे एक कार्यक्रम असतो. मोठमोठी माणसं येतात. त्यांच्यासमोर उभं राहून सगळं सांगायचं असतं.”

“किती मिनिटां?”

“पाच.”

दाजींनी पेढा ओट्यावर ठेवला आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली. “एका मिनिटाक एकवीस दिवस,” ते म्हणाले आणि माझ्याकडे चोरून बघितलं.

मी काही दुरुस्ती केली नाही.

“मगे तीन म्हयन्यात कसाबसा होयत,” दाजी म्हणाले. “सोमवारपासूनच बसाक होया. आठ तर आठ.”